वन्यजीव अधिवासांचे नकाशांकन (शिरूर–दौंड)

वन्यजीव अधिवासांचे नकाशांकन म्हणजे एखाद्या भूप्रदेशात वन्य प्राणी व पक्षी कोठे राहतात, चरतात, शिकार करतात, पिले वाढवतात आणि कोणत्या वाटांनी ये-जा करतात, हे विविध प्रकारची माहिती एकत्र करून नकाशावर दर्शविणे होय. महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांत हे काम विशेष गुंतागुंतीचे ठरते. येथील वन्यजीवांचा मोठा भाग संरक्षित जंगलांत नसून माळराने, गायराने, ओढ्यांचे काठ आणि उसाची शेते यांत राहतो. अशा जमिनींची नोंद अनेक कार्यालयांत विखुरलेली असते व प्रत्येक नोंद वेगळ्या हेतूने केलेली असते.

भौगोलिक पार्श्वभूमी

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, जिल्ह्याच्या पूर्व भागात आहेत. भीमा नदी बऱ्याच अंतरापर्यंत त्यांची सीमा आहे. घोड नदी शिरूरला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यापासून वेगळे करते, तर मुळा-मुठा नदी दौंडच्या उत्तर भागातून वाहत जाऊन भीमेस मिळते. दौंड तालुक्यातून खडकवासल्याहून येणारा नवा मुठा उजवा कालवा जातो.

पुणे–सोलापूर महामार्गावरील यवतजवळचे कासुर्डी हे गाव या परिसराची रचना समजण्यासाठी सोयीचे आहे. गावाच्या उत्तरेस नद्यांच्या दिशेने बागायती पट्टा असून त्यात ऊस हे प्रमुख पीक आहे. दक्षिणेस भुलेश्वरच्या डोंगररांगेकडे जमीन चढत जाते, मातीचा थर पातळ होतो आणि खडकाळ माळ सुरू होतो. त्यामुळे काही किलोमीटरच्या अंतरात दोन पूर्णपणे भिन्न अधिवास आढळतात.

अधिवासांचे प्रकार

माळरान: कुसळी, पवना, मारवेल अशी गवते आणि अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ यांसारखी काटेरी झाडे असलेला मोकळा प्रदेश. लांडगा, खोकड, तरस, चिंकारा, धाविक, पखुर्डी, चंडोल आणि हिवाळ्यात स्थलांतर करून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी यांचा हा अधिवास आहे. दौंडच्या दक्षिणेकडील बारामती तालुक्यात सुपे येथे असलेले मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य (स्थापना १९९७, क्षेत्र ५.१४ चौ. किमी) याच प्रकारच्या अधिवासाचा छोटा संरक्षित भाग असून ते चिंकाऱ्यांसाठी ओळखले जाते.

ऊसशेती: दाट, उंच व दीर्घकाळ उभा राहणारा ऊस बिबट्याला आसरा देतो. मादी अनेकदा उसातच पिलांना जन्म देते आणि तोडणीच्या हंगामात अशी पिले सापडतात.

पाणथळ जागा: नद्यांचे काठ, पाझर तलाव आणि उजनी जलाशयाचा फुगवटा. भिगवण परिसरातील उथळ पाण्यात रोहित, पट्टकादंब व इतर पाणपक्षी हिवाळ्यात मोठ्या संख्येने दिसतात.

माहितीचे स्रोत

महसुली नोंदी व जुने नकाशे

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशांमध्ये दौंडचा बहुतांश भाग ‘४७ जे’ या मालिकेत येतो. ओढे, उंचीच्या समोच्च रेषा, पायवाटा आणि वस्त्या यांसाठी हे नकाशे उपयुक्त असतात. जुने नकाशे एव्हरेस्ट या संदर्भपृष्ठावर, तर उपग्रह माहिती डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भपृष्ठावर आधारलेली असते. रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवल्यास स्थाने सरकलेली दिसतात.

गावनकाशे, गट क्रमांक आणि सातबारा उतारे यांवरून जमिनीची मालकी व प्रकार समजतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार चराईसाठी राखून ठेवलेली गायराने या नोंदींत सापडतात. मात्र सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ किंवा ‘पड’ असा उल्लेख असलेली जमीन महसुलाच्या दृष्टीने लागवडीखाली नसलेली असते. ती जैविकदृष्ट्या निरुपयोगी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरील अठरावा खंड १८८५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. कालवे व धरणे यांमुळे झालेल्या मोठ्या बदलांपूर्वीचा प्रदेश कसा होता, हे जाणून घेण्यासाठी तो वापरता येतो.

उपग्रह प्रतिमा

लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ मध्ये सोडण्यात आला आणि २००८ पासून या मालिकेतील प्रतिमा विनामूल्य उपलब्ध झाल्या. त्यामुळे गेल्या अनेक दशकांतील भूवापराचा बदल तपासता येतो. २०१५ पासून उपलब्ध झालेल्या सेंटिनेल-२ च्या प्रतिमांची अवकाशीय विभेदनक्षमता १० मीटर असून दोन उपग्रहांमुळे एकाच जागेची प्रतिमा सुमारे दर पाच दिवसांनी मिळते. पावसाळ्यात ढगांमुळे यांपैकी अनेक प्रतिमा निरुपयोगी ठरतात. इस्रोच्या ‘भुवन’ या संकेतस्थळावर (२००९) राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने तयार केलेले भूवापर नकाशे पाहता येतात.

या परिसरात एकाच तारखेच्या प्रतिमेवर विसंबणे धोक्याचे असते. एप्रिलमध्ये वाळलेले गवताळ रान आणि नांगरून ठेवलेले जिरायती शेत वरून जवळजवळ सारखेच दिसतात. वर्षभराच्या प्रतिमांची मालिका घेतल्यास फरक स्पष्ट होतो. माळरान पावसाळ्याच्या अखेरीस सर्वाधिक हिरवे असते, रब्बी ज्वारीचे शेत हिवाळ्यात हिरवे होते, तर ऊस उन्हाळ्यातही हिरवा राहतो. खरिपातील बाजरी व गवत यांचा हिरवेपणाचा काळ जुळत असल्याने ही दोन मात्र अनेकदा एकमेकांत मिसळतात. तेथे बांध, नांगराचे तास किंवा प्रत्यक्ष पाहणी यांचाच आधार घ्यावा लागतो.

पिकांच्या नोंदी

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून गटनिहाय पिकांची नोंद करतात. साखर कारखान्यांकडेही सभासदांच्या उसाचे क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख यांची नोंद असते. वन्यजीवांच्या दृष्टीने या तारखेला महत्त्व आहे. आडसाली ऊस सुमारे सोळा ते अठरा महिने, पूर्वहंगामी ऊस चौदा ते पंधरा महिने, तर सुरू ऊस सुमारे बारा महिने उभा राहतो. कोणत्या महिन्यात कोणता आसरा मोडणार आहे, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. म्हणून बिबट्याचा अधिवास दाखवणारा नकाशा वर्षभर सारखा राहत नाही. गाळप हंगामापूर्वीचा व नंतरचा असे किमान दोन नकाशे आवश्यक ठरतात.

वनविभागाच्या नोंदी

वनकक्षांच्या सीमा, बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर होणारी प्राणिगणना आणि पशुधनाच्या हानीचे पंचनामे हे वनविभागाकडील मुख्य स्रोत आहेत. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात, तर दौंड तालुका पुणे वनविभागात मोडतो. भीमेच्या दोन तीरांवर वावरणाऱ्या एकाच प्राण्याची नोंद त्यामुळे दोन वेगळ्या कार्यालयांत होऊ शकते.

पंचनाम्यांवरून बिबट्या व लांडगा यांच्या वावराची तारीखवार माहिती मिळते. तथापि त्यात केवळ भरपाईसाठी अर्ज झालेल्या घटना असतात. मुक्काम बदलत फिरणाऱ्या मेंढपाळांचे नुकसान अनेकदा नोंदीत येत नाही. लांडग्याशी सर्वाधिक संबंध याच लोकांचा येत असल्याने ही उणीव मोठी आहे.

नागरिक-विज्ञान

ई-बर्ड (२००२), आय-नॅचरलिस्ट (२००८) आणि इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल (२००८) यांवर हौशी निरीक्षक नोंदी करतात. जागतिक जैवविविधता माहिती सुविधेद्वारे (जीबीआयएफ) अशा नोंदी एकत्रित मिळतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. या नोंदी भिगवणसारख्या प्रसिद्ध ठिकाणी व रस्त्यांच्या कडेला दाट, तर आडबाजूच्या माळांवर विरळ असतात. नोंदी विरळ असणे म्हणजे प्राणी विरळ असणे नव्हे.

कॅमेरा सापळे व रेडिओ कॉलर

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनी केलेल्या कॅमेरा सापळ्यांच्या अभ्यासात (प्रसिद्धी २०१३) दाट मानवी वस्तीच्या शेतीप्रदेशातही १०० चौ. किमीमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे आढळले. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीतून वाचवलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला कॉलर लावून माळशेज परिसरात सोडण्यात आले. तो सुमारे १२० किमी प्रवास करून मुंबईलगतच्या जंगलापर्यंत पोहोचल्याचे त्या कॉलरमुळे समजले. त्याच्यावर आधारित मराठी चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला.

लोकज्ञान

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थापन होणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. धनगर मेंढपाळ, ऊसतोड मजूर आणि स्थानिक शेतकरी यांना गुहा, पाणवठे, जनावरांच्या वाटा आणि गवताचे प्रकार यांची तपशीलवार माहिती असते. ही माहिती गावच्या बोलीतील नावांसह नोंदवल्यास उपग्रह प्रतिमांवरून न समजणाऱ्या जागा नकाशावर येतात.

वर्गीकरणाचा प्रश्न

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता १० टक्के वा त्याहून अधिक असल्यास ते वनाच्छादन मानले जाते. यात जमिनीची मालकी किंवा झाडांची जात पाहिली जात नाही. परिणामी आंब्याची बाग वनाच्छादनात गणली जाऊ शकते, तर लांडग्यांचा वावर असलेले नैसर्गिक माळरान गणले जात नाही. दुसरीकडे, २००० पासून प्रसिद्ध होणाऱ्या भारताच्या पडीक जमीन नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांची व गवताळ जमीन ‘पडीक’ या सदरात येते.

अशा वर्गीकरणाचे परिणाम जमिनीवर दिसतात. पडीक ठरलेली जमीन वृक्षलागवड, सौरऊर्जा प्रकल्प किंवा उद्योग यांसाठी सहज विचारात घेतली जाते. ग्लिरिसिडियाची लागवड किंवा वेडी बाभूळ यांनी माळ व्यापल्यास उपग्रह प्रतिमेत हिरवाई वाढलेली दिसते. मोकळ्या जागेवर अवलंबून असलेल्या चिंकारा व धाविक यांचा अधिवास मात्र घटलेला असतो.

एम. डी. मधुसूदन आणि अबी तमीम वनक यांनी भारतातील निमशुष्क प्रदेशातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यांच्या अभ्यासानुसार अशा परिसंस्था देशाच्या सुमारे १० टक्के भूभागावर असून त्यांपैकी ५ टक्क्यांहून कमी क्षेत्र संरक्षित आहे.

सीमा चुकीच्या पद्धतीने आखल्यासही संरक्षण कमकुवत होते. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये घोषित झालेल्या माळढोक पक्षी अभयारण्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ. किमी होते व त्यात गावे व शेतजमिनींचा मोठा समावेश होता. पुढे ते सुमारे १,२२२ चौ. किमीपर्यंत कमी करण्यात आले.

माहितीची सांगड

सर्व स्तर क्यूजीआयएससारख्या भौगोलिक माहिती प्रणालीत एकाच प्रक्षेपणात आणले जातात. पुणे जिल्ह्यासाठी यूटीएम विभाग ४३ उत्तर वापरता येतो. त्यानंतर प्रदेश समान चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीत भूआच्छादन, पाणी, रस्ते, पशुधन आणि प्राण्यांच्या नोंदी मांडल्या जातात. स्रोतांमध्ये विसंगती आढळल्यास ती जागा प्रत्यक्ष पाहणीसाठी निवडली जाते. उदाहरणार्थ, सातबाऱ्यावर पड, उपग्रह प्रतिमेत झुडपी जमीन आणि मेंढपाळांच्या सांगण्यात लांडग्यांची जागा अशी चौकट पाहणीत अग्रक्रमाने घेणे योग्य ठरते. प्रत्येक नोंदीसोबत तिची तारीख, स्रोत व अचूकता लिहिली जाते. तसेच ‘प्राणी आढळला नाही’ आणि ‘पाहणी झाली नाही’ या दोन बाबी वेगळ्या दाखवल्या जातात.

मर्यादा व दक्षता

लांडग्यांच्या गुहा किंवा दुर्मीळ पक्ष्यांची घरटी यांची अचूक स्थाने प्रसिद्ध झाल्यास शिकार, छायाचित्रकारांची गर्दी किंवा सूडापोटी होणारी हानी यांचा धोका असतो. त्यामुळे आय-नॅचरलिस्टवर संकटग्रस्त जातींची स्थाने आपोआप अस्पष्ट केली जातात. सार्वजनिक नकाशातही अशी माहिती मोठ्या चौकटींच्या स्वरूपातच दिली जाते. पीक व मालकीच्या नोंदी वापरताना शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती वगळणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

माळरान
भारतीय लांडगा
मयूरेश्वर वन्यजीव अभयारण्य
उजनी धरण
भौगोलिक माहिती प्रणाली