बिअरचं गणित

"बिअर म्हणजे काही दारू नव्हे!" हे वाक्य आपल्या हॉस्टेलच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. केटी सुटली तरी पार्टी, लागली तरी पार्टी! पण मित्रांनो, आपण इंजिनिअर ना? मग एकदा कॅल्क्युलेशन करून बघूया.

स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली घ्या. अल्कोहोल ८ टक्के धरलं तर झालं ५२ मिली. घनता ०.७९, म्हणजे साधारण ४१ ग्रॅम. आता व्हिस्कीचा ६० मिलीचा लार्ज पेग, ४२.८ टक्के. उत्तर येतं २० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर = दोन लार्ज पेग! "मी फक्त बिअरच घेतो" याचा अर्थ आता तुम्हीच लावा.

हे अल्कोहोल बाहेर काढायचं काम मुख्यतः लिव्हरचं. त्याचा स्पीड तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम. म्हणजे एका बाटलीला चार ते सहा तास! लिंबूपाणी, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा स्पीड वाढत नाही. रात्री बारापर्यंत दोन बाटल्या संपवणारा सकाळी आठला बाइकवरून निघतो, तेव्हा त्याच्या रक्तात अल्कोहोल शिल्लक असू शकतं.

खरा धोका पुढचा आहे. लिव्हरमध्ये अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं आणि ते डीएनएला इजा करतं. म्हणूनच १९८८ सालापासून दारू कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, तंबाखूच्या शेजारी. त्यात बिअरही आली. शिवाय लिव्हरवर चरबी साठते, पण दुखत काहीच नाही. दुखायला लागेपर्यंत सिरॉसिस झालेला असू शकतो आणि तिथून पूर्ण परत येणं कठीण.

चांगली बातमी अशी, की नुसत्या चरबीच्या स्टेजला पिणं थांबवलं तर लिव्हर बहुतेक वेळा काही आठवड्यांत सुधारू लागतं. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं, की सुरक्षित असं प्रमाणच नाही. न पिणं उत्तम; पण जितकी कमी, तितका फायदा.

पिणाऱ्यांनी आकडा आधी ठरवावा, पार्टीत नव्हे. अर्धा ग्लास पुन्हा भरू देऊ नये, मोजणी चुकते. जो "नको" म्हणतो त्याला आग्रह करू नये. आणि रोज पिणाऱ्या ज्याचे सकाळी हात थरथरतात, त्याने एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटावं.

विसाव्या वर्षीची सवय चाळिसाव्या वर्षी बिल पाठवते. हप्ते आत्ताच कमी करूया!