विमानाचा सव्वा तास

आमच्या निपाणीच्या स्टँडवर कुणी मराठीत ‘किती लांब?’ विचारो की कानडीत ‘एष्टु दूर?’, उत्तर किलोमीटरमध्ये येत नाही, तासांत येते. बंगळूर म्हणजे ‘रात्रभर’. आता बेळगावच्या सांबरा विमानतळामुळे (तो १९४२ सालचा, युद्धाच्या धामधुमीत बांधलेला) बंगळूर ‘सव्वा तासावर आले’ असे लोक म्हणतात. हा सव्वा तास कुठून येतो आणि तो कितपत खरा, ते वाणिज्य शाखेच्या चष्म्यातून पाहू.

बेळगाव ते बंगळूर रस्त्याने सुमारे ५०० किलोमीटर. निपाणीहून निघाल्यास त्यात ७५-८० मिळवायचे. विमानाला धारवाड, हावेरी, दावणगेरे अशी वळणे नसतात. अक्षांश-रेखांशांवरून मी हिशेब केला, तर सरळ अंतर ४४५ किलोमीटरच्या आसपास भरले. पंख्याचे छोटे एटीआर विमान ताशी ५०० किलोमीटरच्या जवळपास उडते. म्हणजे हवेतला प्रवास पाऊण तासाहून थोडा जास्त. धावपट्टीपर्यंत सरकणे, वर चढणे, उतरताना वेग कमी करणे हे धरून वेळापत्रकात सव्वा तास लागतो.

पण परिव्यय लेखाशास्त्रात आपण स्थिर खर्च आणि बदलता खर्च शिकतो ना, तसेच हे आहे. निपाणी ते सांबरा पावणेदोन तास, तिथे आधी पोहोचून थांबण्याचा दीड तास, चढ-उताराचा पाव तास, देवनहळ्ळीहून बंगळूर शहरात जायला दीड तास : एकूण पाच तास. विमान कितीही जवळ जावो, हे पाच तास सुटत नाहीत. बसचा स्थिर वेळ जेमतेम अर्धा तास, मात्र पुढे ताशी ५५ किलोमीटरने रखडायचे. रस्ता आणि आकाश यांतला फरक सोडून दिला, तर दोघांचा समविच्छेद बिंदू सुमारे २८० किलोमीटरवर येतो. पुणे निपाणीहून २७० किलोमीटर, तेव्हा तिथे बसच बरी. बंगळूरला मात्र विमानाचे सहा तास, बसचे अकरा.

गंमत अशी की निपाणीकरांना सांबऱ्यापेक्षा कोल्हापूरचे उजळाईवाडी जवळ, पस्तीसेक किलोमीटर. तिथून उडायचे ठरवले, तर स्थिर वेळातला एक तास वाचतो आणि तोच बिंदू २१५ किलोमीटरवर उतरतो. सीमारेषा घड्याळाला दिसत नाही!

या हिशेबात एक बाब मी आधी धरलीच नव्हती : विमानाची वाट पाहण्याचा वेळ. बस दर तासाला मिळते. विमान ठरलेल्या वेळीच. मागच्या वर्षी आमचे आजोबा वारले, तेव्हा बंगळूरच्या काकांना संध्याकाळी सात वाजता निरोप मिळाला. त्या दिवसाचे विमान गेलेले, पुढचे दुसऱ्या दिवशी दुपारी. त्याने आले असते तर घरी पोहोचायला साडेचार वाजले असते. ते साडेनऊच्या बसमध्ये बसले आणि सकाळी साडेआठला निपाणीत उतरले. आजोबांना त्यांच्यासाठीच थांबवले होते.