सचिन खिलारी: आशियाई विक्रम करूनही सुवर्णपदक ६ सेंटिमीटरनं कसं हुकलं?

४ सप्टेंबर २०२४, पॅरिस पॅरालिम्पिक. पुरुषांच्या एफ-४६ गोळाफेकीत सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी दुसऱ्या प्रयत्नात गोळा १६.३२ मीटरवर टाकला. नवा आशियाई विक्रम झाला, पण पदक मिळालं रौप्य. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्ट यांची फेक होती १६.३८ मीटर, तर क्रोएशियाच्या लुका बाकोविच यांना १६.२७ मीटरवर कांस्य मिळालं. तिन्ही पदकं ११ सेंटिमीटरच्या आत!

एफ-४६ म्हणजे काय?
'एफ' म्हणजे फील्ड, अर्थात फेकीचे प्रकार. ४६ हा गट प्रामुख्यानं एका हाताला अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा. इथे पुरुषांचा गोळा ६ किलोचा असतो, ऑलिम्पिकमध्ये ७.२६ किलोचा.

अंतर कसं मोजतात?
खेळाडू २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळातून गोळा फेकतो. गोळ्यानं जमिनीवर केलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर धरलं जातं. सेंटिमीटरच्या पुढचे मिलिमीटर सोडून देतात. गोळा पडण्याआधी खेळाडू वर्तुळाबाहेर आला, तर फेक बाद. सगळ्या प्रयत्नांतली सर्वोत्तम फेकच क्रमांक ठरवते.

हे रौप्य मोठं का?
१९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी यांनी रौप्य जिंकलं होतं. त्यानंतर पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पदक मिळायला ४० वर्षं लागली.