वेब अ‍ॅप्लिकेशनमधील सामाईक मूल्ये : साठवणीच्या जागेची निवड

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवरील सुपा धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे मुख्य ठाणे जोयडा येथे आले. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटक शासनाने शेजारच्या बेळगावसाठी ‘बेळगावी’ हे नाव लागू केले. २०१५ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्पाचे नाव काळी व्याघ्र प्रकल्प झाले. कायमची वाटणारी नावेही बदलतात. मग शुल्क, शैक्षणिक वर्ष किंवा प्रवेशाची अंतिम तारीख यांची काय कथा!

समजा, जोयड्यातील एखाद्या महाविद्यालयाने प्रवेशासाठी वेब अ‍ॅप्लिकेशन तयार केले. अंतिम तारीख सूचनेच्या पानावर, अर्जाच्या पानावर आणि पावतीवर वेगवेगळी लिहिली गेली. मुदत वाढली तेव्हा सूचना बदलली, पण अर्ज स्वीकारणारे पान राहून गेले. जंगलातील वाडीवरून इंटरनेटच्या ठिकाणापर्यंत पायपीट करून आलेल्या विद्यार्थ्याला ‘मुदत संपली’ असे उत्तर मिळेल. म्हणून अनेक पानांना लागणारे मूल्य एकाच जागी असावे, हा पहिला नियम. ती जागा कोणती, हा पुढचा प्रश्न.

१) स्वतंत्र फाईल : पीएचपीमध्ये अशी फाईल प्रत्येक पानात समाविष्ट करता येते. एएसपी डॉट नेटमध्ये ‘वेब डॉट कॉन्फिग’ हीच सोय देते. मात्र ती फाईल बदलताच अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू होते आणि सर्व्हरच्या स्मृतीत ठेवलेली सेशन नाहीशी होतात. प्रवेशाच्या गर्दीत असा बदल करू नये. पीएचपीच्या फाईलला ‘डॉट आयएनसी’ असे नाव देऊन ती सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवल्यास, सर्व्हरवर वेगळी तजवीज नसेल तर, ब्राउझरमध्ये तिचा मजकूर उघडा दिसतो. ती त्या फोल्डरबाहेर ठेवणे इष्ट.

२) सर्व्हरची स्मृती : जुन्या एएसपीतील ‘अ‍ॅप्लिकेशन ऑब्जेक्ट’ किंवा जावातील ‘सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट’ येथून मूल्य अतिशय वेगाने मिळते. परंतु सर्व्हर बंद पडताच ते जाते, आणि दोन सर्व्हर असल्यास प्रत्येकाची प्रत निराळी राहते. ही जागा नकलेसाठी योग्य, अस्सल नोंदीसाठी नव्हे.

३) डेटाबेस : शुल्क किंवा अंतिम तारीख कार्यालयातील कर्मचाऱ्याने बदलायची असेल, तर ती तक्त्यात ठेवून बदलासाठी एक पडदा द्यावा. आज्ञावली लिहिणाऱ्याला बोलावण्याची गरज उरत नाही. मात्र डेटाबेसचा पासवर्ड डेटाबेसमध्ये ठेवता येत नाही. कपाटाची किल्ली त्याच कपाटात बंद करण्यासारखे ते होईल. वर्डप्रेस या प्रणालीत ही विभागणी स्पष्ट दिसते : डेटाबेसशी जोडणीची माहिती एका फाईलमध्ये, तर संकेतस्थळाचे शीर्षक व तत्सम मूल्ये डेटाबेसमधील ‘ऑप्शन्स’ तक्त्यात.

४) परिसर-चल, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल : ही मूल्ये आज्ञावलीबाहेर, सर्व्हरच्या व्यवस्थेतच असतात. प्रयोगशाळेतील संगणक आणि प्रत्यक्ष सर्व्हर यांना निरनिराळी मूल्ये देऊनही आज्ञावली तीच ठेवता येते. अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप’ या पद्धतीत याच जागेची शिफारस आहे. तेथील कसोटी सोपी आहे : संपूर्ण आज्ञावली या क्षणी जाहीर केली, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल काय? पडणार असेल, तर मूल्य चुकीच्या जागी आहे.

यावरून निवडीसाठी तीन प्रश्न पुरेसे ठरतात. मूल्य कोण बदलणार? किती वेळा बदलणार? आणि ते कोणाला दिसू नये? वर्षातील महिन्यांची संख्या आज्ञावलीतच राहो. महाविद्यालयाचा पत्ता फाईलमध्ये, शुल्क व तारीख डेटाबेसमध्ये, पासवर्ड परिसर-चलात ठेवावा.

अध्यापकांना वर्गात एक छोटा प्रयोग घेता येईल. विद्यार्थ्यांनी स्वतः केलेल्या प्रकल्पात अंतिम तारीख बदलायला सांगावे आणि किती फाईली उघडाव्या लागल्या ते मोजावे. ज्याला एकच नोंद बदलावी लागली, त्याच्या प्रकल्पात सूचना आणि अर्ज यांची तारीख कधी वेगळी पडणार नाही.