मस्टरवर नाव नसलेले हात

हिंजवडीच्या आयटी पार्कात कोण काम करतं, असं विचारलं तर आपण पटकन म्हणतो, 'सॉफ्टवेअर इंजिनिअर'. पण त्या इमारती उभ्या करणारे गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले कुठल्या यादीत असतात? कुणी बिहारचा, कुणी झारखंडचा, तर कुणी आपल्याच मराठवाड्यातला. खिशात आधार कार्ड असतं. पण अमुक ठेकेदाराकडे काम करतो, असा कागद अनेकांकडे नसतो. म्हणजे स्वतःच्याच देशात माणूस बिनकागदाचा!

याने अर्थव्यवस्थेचा फायदाच होतो, असं काहींना वाटेल. मजुरी स्वस्त, म्हणून बांधकाम स्वस्त. पण हिशोब इथे संपत नाही. जो ठेकेदार मस्टर ठेवतो, पीएफ आणि विमा भरतो, त्याचं टेंडर महाग पडतं. नियम पाळणाऱ्यालाच दंड! मजूर वरून पडला, तर तो त्याच साइटवर होता हे सिद्ध कसं करायचं? मग उपचाराचा भार सरकारी दवाखान्यावर, नाहीतर घरच्यांनी काढलेल्या कर्जावर. खर्च वाचत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या माथी जातो.

कायदा नाही असं नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर कामगार कल्याणासाठी ठेवला. ५० कोटींच्या इमारतीमागे ५० लाख! नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांतही ही तरतूद आहे. अडचण नोंदणीची आहे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचं दाखवावं लागतं. मजूर अड्ड्यावर रोज नवा मालक, मग दाखला कोण देणार? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये राज्याच्या मंडळाने नोंदीत कामगारांना २००० रुपये दिले. नोंद नसलेल्याच्या हाती काहीच नाही.

मग उपाय काय?

पहिला, नोंद ठेकेदाराशी नाही, माणसाशी जोडावी. २०२१ चं ई-श्रम कार्ड देशभर चालतं, पण त्यात रोजची हजेरी नसते. ती जोडली तर ९० दिवस आपोआप मोजले जातील.

दुसरा, हजेरी आणि मजुरी दिल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास करू नये.

तिसरा उपाय आपल्याच राज्यातला आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक मजुरी आणि लेव्ही मंडळात भरतो, मंडळ ती हमालाला देतं. मालक बदलला तरी पीएफ चालू राहतो. माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, ही चाकणच्या उद्योजकांची तक्रारही खरी आहे. पण तो बंदोबस्ताचा प्रश्न झाला, त्यासाठी चांगली पद्धत मोडीत काढायचं कारण नाही.

आपल्यातले काही जण उद्या साइट इंजिनिअर होतील. सिमेंटच्या गोण्या आणि सळईचं वजन आपण रोज रजिस्टरला लिहूच. त्याच रजिस्टरशेजारी माणसांचं मस्टरही रोज भरलं जातंय ना, एवढं पाहिलं तरी सुरुवात होईल.