खाऱ्या वाऱ्यात पिस्तूल: पोलादी की नायलॉनचे?

मालवणच्या किनाऱ्यावर लोखंड टिकवणे हा बारमाही उद्योग आहे. खिडकीचे गज, दाराच्या बिजागऱ्या, मोटारसायकलचे स्पोक, होडीच्या इंजिनाचे बोल्ट, कशाचीच गंजातून सुटका नाही. २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. तो उभा राहून तेव्हा नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर गंजलेल्या नट-बोल्टांची चर्चा राज्यभर झाली. अशा हवेत सागरी पोलिसाच्या कमरेला महिनोन्महिने लटकणारे आणि गरज पडलीच तर त्या एका क्षणी चालायलाच हवे असे पिस्तूल कशाचे असावे? धातूच्या फ्रेमचे की प्लास्टिकच्या? जगभर हा वाद नेमबाजीच्या अंगाने रंगतो. किनाऱ्यावर मात्र त्याचे उत्तर आधी रसायनशास्त्राला विचारावे लागते.

आपल्या लष्कराने आणि पोलिसांनी वर्षानुवर्षे वापरलेले इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ९ मिलिमीटरचे पिस्तूल पोलादी फ्रेमचे. त्याच्या पाठीमागे घोडा दिसतो. चाप ओढला की घोडा सुईवर आपटतो आणि सुई काडतुसाच्या बुडाला ठोसा देते. स्ट्रायकर पद्धतीत बाहेरचा घोडाच नसतो. स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, पोटात स्प्रिंगने ताणून धरलेली सुई चाप ओढताच सुटते. ही युक्ती काही नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीचे जर्मन लुगर पिस्तूल स्ट्रायकरचेच होते आणि त्याची फ्रेम पोलादी होती. १९७० मध्ये जर्मनीच्याच हेकलर अँड कॉख कंपनीने व्हीपी ७० या पिस्तुलात प्लास्टिकची फ्रेम आणली. पण जग बदलले ते १९८२ मध्ये. तोवर एकही पिस्तूल न बनवलेल्या गॅस्टन ग्लॉक यांचे ‘ग्लॉक १७’ त्या वर्षी ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारले. तेव्हापासून स्ट्रायकर आणि प्लास्टिक ही जोडी जमली ती जमलीच.

प्लास्टिक गोळीचा दाब सोसते कसे, हा पहिला प्रश्न. ते सोसतच नाही. ९ मिलिमीटरच्या काडतुसात दाब २,३५० बारपर्यंत चढू शकतो, म्हणजे हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक. तो पेलतात पोलादी बॅरल आणि स्लाइड. फ्रेमकडे उरते ती मूठ, चापाची यंत्रणा आणि मॅगझिन धरून ठेवण्याची नोकरी. स्लाइड ज्यांवरून मागेपुढे धावते त्या पट्ट्याही पोलादीच असतात. साच्यात प्लास्टिक ओततानाच त्या आत बसवलेल्या असतात. प्लास्टिकचे पिस्तूल मेटल डिटेक्टरला चकवते ही समजूत म्हणूनच खोटी. त्याचे बहुतेक वजन पोलादाचेच असते.

आता गंजाकडे वळू. दुपारचा खारा वारा मिठाचे बारीक कण किनाऱ्यावर आणून टाकतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कण हवेतले पाणी ओढून घेतो आणि स्वतःच त्यात विरघळतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते. त्याला तर ३३ टक्केच पुरतात. म्हणजे पाऊस पडो न पडो, पोलादावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा कायम बसलेला. त्यातून वीज वाहते, लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून निसटतात आणि तांबूस पूड उरते. हाताचा घामही खाराच, तो यात भर घालतो. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचे अदृश्य कवच असते, पण क्लोराइड त्यालाही जागोजागी भोके पाडते.

नायलॉनला यातले काहीच बाधत नाही, कारण त्याच्यात निसटायला धातूचे अणूच नाहीत. ग्लॉकची फ्रेम नायलॉनच्याच कुळातल्या पॉलिमरची. बऱ्याच कंपन्या त्यात काचेचे तंतू मिसळतात. मालवणच्या रापणकार मच्छीमारांना या पदार्थाची ओळख वेगळी करून द्यायला नको. झाडाच्या सालीच्या रसात रंगवलेली सुती आणि तागाची जाळी मागे पडली ती नायलॉनच्या धाग्यामुळेच.

नायलॉनच्या खोडीही त्यांना ठाऊक आहेत. उन्हात पडून राहिलेले जाळे कुजत नाही, पण कमजोर होते. सूर्याचे अतिनील किरण रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात. त्यावर उतारा म्हणून फ्रेममध्ये काजळीची पूड घालतात. बहुतेक फ्रेम काळ्या दिसतात त्या उगाच नव्हे. दुसरी खोड पाणी पिण्याची. साधे नायलॉन ६ पाण्यात बुडवून ठेवले तर वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते आणि किंचित फुगते. दमट नायलॉन चिवट होते, पण थोडे मऊही. बारीक मापाची कामे पोलादी पट्ट्यांवर सोपवण्याचे हेही एक कारण. मे महिन्यात बंद गाडीत पिस्तूल राहिले तर फ्रेम वितळत मात्र नाही. नायलॉन ६ वितळायला २२० अंश सेल्सिअस लागतात.

मधला मार्ग ॲल्युमिनियमचा. पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजन आणि वर ॲनोडायझिंगचे कठीण कवच. पण कवचाला ओरखडा पडला आणि तिथे पोलादी पिन व खारे पाणी एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. कार्बन फायबरही वीजवाहक असल्याने ॲल्युमिनियमशी त्याचे असेच वैर. लष्कर आणि डीआरडीओच्या पुण्यातील एआरडीई या संस्थेने मिळून घडवलेल्या ‘अस्मी’ या मशीन पिस्तुलाची घोषणा जानेवारी २०२१ मध्ये झाली. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा. असे दोन पदार्थ शेजारी नांदवायचे तर मध्ये वीजरोधक थर हवा. किनाऱ्यावर तर त्याला पर्यायच नाही.

मग धातूची फ्रेम आज परत का येते आहे? स्मिथ अँड वेसनने २०२२ मध्ये आपल्या स्ट्रायकर पिस्तुलाला ॲल्युमिनियमची फ्रेम दिली. वॉल्थर स्पर्धेसाठी पोलादी फ्रेम बनवते. कारण साध्या गणिताचे. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३६० मीटर वेगाने सुटली तर ९०० ग्रॅमचे भरलेले पिस्तूल सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने मागे येते आणि १,३०० ग्रॅमचे २.१ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा तीस टक्क्यांनी घटते, नेम लवकर सावरतो. पण दिवसभर कमरेला वागवायचे तर तेच ४०० ग्रॅम नकोसे होतात.

तेव्हा निकाल असा: स्पर्धेच्या रेंजवर धातू आणि किनाऱ्यावरच्या ड्युटीवर पॉलिमर. मात्र पॉलिमरची फ्रेम अर्धाच प्रश्न सोडवते. बॅरल, स्लाइड, स्प्रिंग, पिना आणि स्ट्रायकर पोलादीच राहतात आणि गंज धरतात. फ्रेम चकचकीत दिसते म्हणून आतली साफसफाई टाळणे हा खरा धोका. माकडे-रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनाही तोच नियम लागू: हत्यार रिकामे असल्याची खात्री करा, कोरडे पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, कारण चामडे ओल धरून ठेवते.