प्राणिरूपे, वऱ्हाडच्या कलेतील

अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा मिळून वऱ्हाड हा प्रदेश होतो. उत्तरेस सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील मेळघाट, मध्यभागी पूर्णा नदीच्या काळ्या जमिनीचा पयनघाट आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगरावरील बालाघाट, असे त्याचे तीन नैसर्गिक विभाग पडतात. अरण्य, सुपीक शेतजमीन व जुने व्यापारी मार्ग एकत्र आल्यामुळे या प्रदेशात व त्याच्या सीमेवर प्राणिरूपांचे विविध प्रकार आढळतात. खडकावरील चित्रे, लेण्यांतील भित्तिचित्रे, धातूच्या मूर्ती, किल्ल्यांच्या दरवाजांवरील शिल्पे, आदिवासींचे लाकडी स्मृतिफलक आणि सणापुरते घडविलेले मातीचे बैल हे त्यांतील प्रमुख प्रकार होत.

कलेतील प्राण्याचे रूप त्याच्या शरीररचनेवरून जितके ठरते, त्याहून अधिक ते त्याच्याशी माणसाचे जे नाते असते त्यावरून ठरते. वऱ्हाडच्या कलेत याचे उत्तम उदाहरण हत्तीचे आहे. एकच हत्ती कोठे रानातील पशू, कोठे बोधिसत्त्व, कोठे तीर्थंकराची खूण, तर कोठे पराभूत शत्रू म्हणून येतो.

सामान्य पार्श्वभूमी : प्राणी हा चित्रकलेच्या सर्वांत जुन्या विषयांपैकी एक होय. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत रानडुक्कर व त्याच्याभोवतीच्या मानवसदृश आकृती आढळल्या असून त्या चित्राचे वय किमान ५१,२०० वर्षे असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. स्पेनमधील आल्तामिरा येथील गव्यांची चित्रे १८७९ मध्ये उजेडात आली. परंतु अश्मयुगीन माणूस इतकी सजीव चित्रे काढू शकेल, हे विद्वानांनी मान्य करण्यास विसाव्या शतकाचा प्रारंभ उजाडावा लागला. फ्रान्समधील लास्को (१९४०) व शोव्हे (१९९४) या गुहांच्या शोधांनी ही परंपरा किती विस्तृत होती, ते स्पष्ट झाले. यूरोपातील या गुहाचित्रांत प्राणी विपुल, तर माणूस क्वचित दिसतो.

शेती व राज्यसंस्था यांच्या उदयानंतर प्राण्यांचे कलेतील स्थान पालटले. ईजिप्तमध्ये देवांना पशुपक्ष्यांची मस्तके मिळाली. निनेव्ह येथील असुरबनिपाल राजाच्या प्रासादात (इ. स. पू. सातवे शतक) सिंहाच्या शिकारीची शिल्पे कोरली गेली, त्यांत सिंहाचा मृत्यू हा राजाच्या सामर्थ्याचा पुरावा ठरतो. भारतात सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह धर्माची घोषणा करतात. महाराष्ट्रात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळालेल्या धातूच्या वस्तूंत हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ आहे. सु. ६० किग्रॅ.हून अधिक वजनाच्या या चार वस्तू दख्खनमधील प्राणिशिल्पाचा अत्यंत मोलाचा ठेवा होत.

शैलचित्रे : अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याच्या उत्तर सीमेलगत, मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यातील धारूळ गावाजवळ, गाविलगड रांगेत अंबादेवी हा शैलाश्रयांचा समूह आहे. जानेवारी २००७ मध्ये अमरावतीच्या निसर्ग-अभ्यासकांना तेथे चित्रे आढळली व पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या परिसराचे पद्धतशीर सर्वेक्षण केले. वि. श्री. वाकणकर यांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाप्रमाणेच येथेही वालुकाश्माच्या पुढे आलेल्या छताखाली तांबड्या गेरूने व पांढऱ्या रंगाने चित्रे काढलेली आहेत. काही ठिकाणी दगडावर टोचून किंवा खोदून केलेल्या आकृतीही आहेत.

या चित्रांत हत्ती, वाघ, हरणे व गुरांच्या वर्गातील प्राणी दिसतात. चित्रकाराने बहुधा प्राण्याची बाजू रेखाटली आहे. कारण शिंगे, शेपटी, पाठीचा उंचवटा व सोंड ही ओळखीची लक्षणे एका बाजूने पाहिल्यावर सर्वांत स्पष्ट दिसतात. पार्श्वभूमी, जमीन वा झाडे यांची त्याला गरज वाटलेली नाही. प्राण्याचे नेमके रूप जाणणाऱ्या शिकाऱ्याची ही दृष्टी आहे. मध्य भारतातील शैलाश्रयांत एका चित्रावर दुसरे चित्र काढण्याची प्रथा आढळते. त्यामुळे शिकारीची जुनी दृश्ये व ऐतिहासिक काळातील घोडेस्वार एकाच भिंतीवर एकमेकांवर आलेले दिसतात. अशा भिंती एखाद्या एका काळाच्या नसून अनेक पिढ्यांच्या असतात. वऱ्हाडच्या रानात आता हत्ती नाही. म्हणून येथील हत्तीच्या आकृतींना कलेबरोबरच प्राणिजीवनाच्या इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

वाकाटककालीन कला : वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, येथे होती. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) अजिंठा येथील अनेक लेणी खोदली व रंगविली गेली. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर (पूर्वीच्या औरंगाबाद) जिल्ह्यात मोडत असले, तरी त्याच्या या उत्तरकालीन वैभवामागे वाशिमच्या दरबाराचा आश्रय होता. म्हणून वऱ्हाडच्या प्राणिरूपांचा विचार अजिंठ्याला वगळून करता येत नाही.

सोळाव्या लेण्याच्या पायथ्याच्या प्रवेशद्वाराशी दोन हत्ती कोरलेले आहेत. सतराव्या लेण्यात षड्दंत जातकाची कथा चित्रित केली आहे. पूर्वजन्मीचा बोधिसत्त्व असलेला हा सहा सुळ्यांचा गजराज आपले सुळे घेण्यास आलेल्या व्याधावर रागावत नाही. उलट ते काढून घेण्यास त्याला साहाय्य करतो. हीच कथा त्यापूर्वी काही शतके दहाव्या लेण्यात रंगविली गेली होती. येथे प्राणी शिकारीचे लक्ष्य राहिलेला नसून शिकाऱ्याहून श्रेष्ठ ठरला आहे. चित्रकाराने हत्तीचे अंग, चाल व कळपातील वावर इतक्या जाणकारीने रेखाटला आहे, की त्याची करुणा प्रेक्षकाला अस्वाभाविक वाटत नाही. पहिल्या लेण्यात छतावरील कमळांमधून धावणारा हत्ती व झुंजणारे बैल आहेत, तर चार हरणांना एकच मस्तक सामाईक असलेले तेथील स्तंभशीर्ष हे शिल्पकाराच्या कल्पकतेचे प्रसिद्ध उदाहरण होय.

जैन मूर्तिशिल्प : जैन परंपरेत प्राण्याला लांछन म्हणून स्थान आहे. चोवीस तीर्थंकरांच्या मूर्ती मुद्रेने व चेहऱ्याने बहुतांशी सारख्या असतात. त्यांची ओळख आसनावरील चिन्हावरून पटते. ऋषभनाथाचे लांछन बैल, अजितनाथाचे हत्ती, संभवनाथाचे घोडा, शांतिनाथाचे हरिण, मुनिसुव्रताचे कासव, तर महावीराचे सिंह आहे. येथे प्राण्याचे काम जवळजवळ अक्षरासारखे असते. पार्श्वनाथाच्या बाबतीत मात्र सर्प आसनावर न थांबता मस्तकावर फणा उभारतो व मूर्तीच्या रचनेचाच भाग बनतो. वाशिम जिल्ह्यातील शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ हे या परंपरेचे विख्यात क्षेत्र आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर-खिनखिनी येथे सापडलेला जैन धातुमूर्तींचा संच नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे.

किल्ल्यांवरील प्राणिशिल्पे : चिखलदऱ्याजवळील गाविलगड बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास बांधविला. पुढे वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८८ मध्ये त्याची दुरुस्ती केली. १४९० मध्ये त्याने स्वतंत्र इमादशाहीची स्थापना केली. गडाच्या दिल्ली दरवाजावर सिंह व गंडभेरुंड यांची शिल्पे आहेत. गंडभेरुंड म्हणजे दोन मस्तकांचा काल्पनिक पक्षी. सिंहाच्या पायाखाली व गंडभेरुंडाच्या पकडीत आकाराने लहान केलेले हत्ती दाखविले आहेत. हत्तीचे प्रचंड शरीर येथे मुद्दाम लहान होते; कारण तो पराभूत बलाढ्य शत्रूचे प्रतीक आहे. हत्ती जितका लहान, तितका त्याला पकडणारा मोठा.

द्विमुखी पक्ष्याचे हे चिन्ह फार जुने आहे. तुर्कस्तानातील हिटाइट शिल्पांत ते इ. स. पू. तेराव्या शतकात दिसते. तक्षशिलेच्या सिरकप नगरातील एका स्तूपाच्या जोत्यावरही ते आहे. कर्नाटकात बळ्ळिगावे येथे गंडभेरुंडाचा अकराव्या शतकातील स्तंभ आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर हा पक्षी आढळतो, तर म्हैसूरच्या राजघराण्याने त्याला राजचिन्ह केले. फतहुल्ला हा मूळचा विजयनगर राज्यातील कन्नड ब्राह्मण कुळातला असून बालपणी कैद होऊन बहमनी सेवेत आला, असे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. गाविलगडावरील चिन्हाची संगती अभ्यासक या माहितीशी लावतात. मात्र या चिन्हाला केवळ एका व्यक्तीच्या आठवणीचे फलित मानणे पुरेसे नाही. दख्खनच्या सुलतानांनी मशिदींत प्राण्यांच्या आकृती टाळल्या. पण गडांच्या दरवाजांवर त्या निःसंकोचपणे कोरविल्या. बीदरच्या शरजा दरवाजावर (१५०३) वाघांची शिल्पे आहेत. मराठ्यांच्या गडांवरही शरभाची शिल्पे दिसतात. दरवाजावरील पशू ही धर्माची नव्हे, सत्तेची भाषा होती व ती दख्खनमधील सर्व राजवटींना समजत होती.

कोरकूंचे काष्ठशिल्प : मेळघाटात राहणाऱ्या कोरकू या आदिवासी जमातीची भाषा मुंडा भाषागटातील असून त्या गटाची ती सर्वांत पश्चिमेकडील शाखा होय. कोरकूंमध्ये मृतांच्या आत्म्यास पितरांत सामावून घेण्याचा ‘सिडोली’ नावाचा विधी आहे. या प्रसंगी कोरलेला लाकडी स्मृतिफलक उभारतात. त्यास ‘मुंडा’ म्हणतात. सागाच्या लाकडाच्या या फलकावर वरच्या बाजूस सूर्य व चंद्र आणि त्यांखाली घोड्यावर बसलेला पुरुष कोरलेला असतो. डोंगराळ रानात राहणाऱ्या या समाजाच्या दैनंदिन जीवनात घोड्याला फारसे स्थान नव्हते. तरीही मृताला घोड्यावर बसविले जाते. कारण घोडा हे मानाचे वाहन आहे. जिवंतपणी पायी चालणारा माणूस मरणानंतर स्वार होतो. महाराष्ट्राच्या गावोगावी असलेल्या वीरगळांवर वीराला मिळणारा मान कोरकूंनी सामान्य मृतालाही दिला आहे.

वाघाला कोरकू लोक ‘कुलामामा’ म्हणतात. मेळघाट व लगतच्या गावांत सीमेवर वाघदेवाचे ठाणे असते; तेथे दगडावर वा फळीवर वाघाची साधी आकृती कोरून तिला शेंदूर लावतात. या आकृतीत वाघाचे हुबेहूब रूप क्वचितच असते. ज्याच्या रानात रोज जावे लागते त्याच्याशी नाते जोडणे, हा तिचा हेतू असतो. मेळघाट हे १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे. वाघाला देव व नातलग मानणारी ही श्रद्धा त्याहून कितीतरी जुनी आहे.

कृषिजीवनातील प्राणिरूपे : पयनघाटातील कापूस व ज्वारीची शेती बैलांवर उभी राहिली. श्रावण अमावास्येच्या पोळ्यात बैल हा स्वतःच कलेचा पृष्ठभाग बनतो. आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला तूप-हळद लावून शेकतात. पोळ्याच्या दिवशी शिंगांना रंग व बेगड, अंगावर गेरूचे ठिपके, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ आणि कपाळावर बाशिंग असा साज चढवितात. घरी मातीच्या बैलांची पूजा होते. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो व त्यात मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवितात. मातीच्या बैलात कारागीर वशिंड व शिंगे ठळक करतो आणि बाकीचे शरीर संक्षेपाने उरकतो. जूं वशिंडापुढे टेकते; तेव्हा कुणब्याच्या दृष्टीने बैलाचे बळ जेथे असते, तेथेच हाताचा भर पडतो.

नागपंचमीला पाटावर वा भिंतीवर काढलेले नाग आणि श्रावणात पुजले जाणारे जिवतीचे चित्र हीही घरगुती प्राणिरूपे होत. जिवतीच्या छापील कागदावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, हत्तीवर बसलेला बुध व वाघावर बसलेला बृहस्पती असतात. गाविलगडावर तुडविला गेलेला हत्ती येथे देवाचे वाहन होऊन पूजाघरात येतो.

जतन : या प्राणिरूपांचे आयुष्य त्यांच्या माध्यमावर अवलंबून आहे. दगडावरील शिल्पे शतकानुशतके टिकतात. मात्र ऊन-पाऊस व शेवाळ यांनी त्यांचे बारकावे झिजतात. शैलचित्रांना पाण्याचे ओघळ, धूर व माणसांचा हात यांपासून धोका असतो. लाकडी मुंडा वाळवी व पावसाने काही दशकांत नष्ट होतो. मातीचा बैल तर टिकविण्यासाठी केलेलाच नसतो. तो दरवर्षी नव्याने घडतो. म्हणून त्याचे जतन वस्तूचे नसून हातातील कसबाचे आहे आणि ते कसब बैलाशी असलेल्या नात्यावर अवलंबून आहे. ट्रॅक्टरच्या प्रसाराने शेतातील बैलजोड्या कमी झाल्या असून, अनेक घरांत पोळ्याला मातीचा बैल हाच एकमेव बैल असतो. गाविलगड रांगेच्या खडकावर जसा रानातून नाहीसा झालेला हत्ती उरला, तशी पाळी बैलावर येऊ नये, याचा निर्णय कलावंताच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या अंगणात व्हावयाचा आहे.